कंटेनर भरण्याआधीची कामं

परदेशी फळांच्या धंद्यात नव्याने उतरणारा माणूस आधी भाव विचारतो. इराणचं सफरचंद काय भावाने पडेल, किवीच्या ट्रेला किती सुटतात, वाशीच्या बाजारात उधारी किती दिवसांची. मग जहाजाचं भाडं, कस्टम ड्युटी, कोल्ड स्टोरेजचा दर. हे सगळं वहीत मांडून झालं की समोरच्या निर्यातदाराला आगाऊ रक्कम जाते, कंटेनर भरला जातो आणि तो न्हावा-शेव्याला लागायच्या आदल्या दिवशी सीएचएचा, म्हणजे कस्टम हाउस एजंटचा, फोन येतो: ‘शेठ, फायटोमध्ये डिक्लरेशन नाहीये.’

हा लेख त्या फोनच्या महिनाभर आधी काय करायचं याबद्दल आहे. फळ-भाजीच्या आयातीत कस्टमइतकंच, कधी कधी त्याहून जास्त वजन प्लांट क्वारंटाइनला असतं. बोलीभाषेत ‘पीक्यू’, सरकारी मराठीत वनस्पती संगरोध. कस्टमचा प्रश्न बहुतेक वेळा पैसे भरून सुटतो. पीक्यूचा प्रश्न किडीचा असतो, आणि कीड पैसे घेत नाही.

ही कटकट हवी कशाला, असं वाटत असेल तर आपल्याच राज्यातली उदाहरणं पुरे आहेत. रस्त्याकडेला माजलेलं गाजरगवत आपल्याकडे १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं. ते परदेशी धान्याबरोबर आलं असं मानलं जातं. मेक्सिकोकडचा पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ साली तमिळनाडूत दिसला आणि दोनेक वर्षांत पुण्याकडच्या पपईच्या बागा पांढऱ्या पडल्या. त्याला आवरायला २०१० साली पोर्तो रिकोहून परोपजीवी कीटक आणावा लागला. टोमॅटो पोखरणारी दक्षिण अमेरिकेची टूटा २०१४ साली महाराष्ट्रात सापडली. यातली प्रत्येक कीड फळांच्या पेटीतूनच आली असं नाही. पण एकदा आलेली परत गेली नाही, हे मात्र प्रत्येकीबाबत खरं आहे.

दुसऱ्या बाजूचा अनुभवही आपल्याला आहे. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारताचा आंबा आणि त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ, अळू बंद केलं होतं. कारण एकच: आदल्या वर्षी आपल्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या. हापूसवाल्यांनी तेव्हा बरीच आदळआपट केली. पण नियम तोच आहे. फक्त आयात करताना आपण टेबलाच्या पलीकडे बसतो.

आता कायद्याकडे. मूळ कायदा १९१४चा, विनाशकारी कीटक व कीड अधिनियम. त्याखाली निघालेला २००३चा प्लांट क्वारंटाइन आदेश १ जानेवारी २००४ पासून लागू आहे. आयातदाराचं सगळं नशीब या आदेशात आहे. त्याची अंमलबजावणी फरिदाबादचं वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालय करतं. मुंबईचं प्रादेशिक केंद्र शिवडीला हाजी बंदर रस्त्यावर आहे. आदेश वाचायला रुक्ष आहे, दुरुस्त्यांनी भरलेला आहे, आणि तरीही तो स्वतः उघडून बघावा. सीएचएवर सोडू नये. तुमचं फळ नेमकं कुठल्या अटीखाली येतं हे सीएचएला माहीत असेल. पण निर्यातदाराशी सौदा तुम्ही करता, तो नव्हे.

आदेशाच्या परिशिष्टांपैकी फळ-भाजीवाल्याच्या कामाची दोन-तीनच. चौथ्या परिशिष्टात कुठल्या देशातून काय आणायला बंदी आहे ते दिलंय. पाचवं संशोधन संस्थांच्या शिफारशीवर येणाऱ्या मालाचं. तुमचा त्याच्याशी संबंध येणार नाही. सहावं खरं महत्त्वाचं. ताजी फळं बहुतेक इथेच सापडतात, आणि प्रत्येक नोंदीत चार गोष्टी एका ओळीत असतात: वनस्पतीचं शास्त्रीय नाव, मालाचा प्रकार, देश, आणि त्या देशातून येताना कोणत्या किडींपासून मुक्त असल्याचं लिहून हवं व कोणती प्रक्रिया केलेली हवी. सातव्यात कमी जोखमीचा माल असतो. त्याला किडींबाबतचं हे जादा घोषणापत्र लागत नाही, पण फायटो (वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र) आणि तपासणी लागतेच.

इथे नवा माणूस हमखास अडखळतो. तो बंदीची यादी चाळतो, त्यात आपलं फळ दिसत नाही, म्हणून समजतो की रस्ता मोकळा आहे. गोष्ट उलटी आहे. ज्या फळाची आणि ज्या देशाची जोडी कुठल्याच परवानगीच्या परिशिष्टात नाही, ते फळ त्या देशातून आणता येत नाही. आधी कीड-जोखमीचं विश्लेषण व्हावं लागतं, त्यासाठी त्या देशाच्या सरकारी यंत्रणेने आपल्याकडे अर्ज आणि माहिती द्यावी लागते, मग अधिसूचना निघते. हे काम आयातदाराच्या हातचं नाही आणि एका हंगामात होणारंही नाही. एका देशाचा ॲव्होकाडो चालतो म्हणून शेजारच्या देशाचा चालेलच असं धरून चालू नका. निर्यातदार ‘आम्ही दुबईला रोज पाठवतो’ असं सांगेल. दुबईचे नियम दुबईला.

दुबईचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. जेबेल अलीच्या शीतगृहात पडून असलेला, कुणाचा तरी उरलेला माल स्वस्तात देऊ करणारे फोन हंगामाच्या शेवटी येतात. पीक्यूच्या दृष्टीने माल त्या देशाचा, जिथे तो पिकला. दुबईतून निघताना पुनर्निर्यातीचं फायटो आणि सोबत मूळ देशाच्या फायटोची मूळ किंवा प्रमाणित प्रत हवी. मूळ फायटो दुबईसाठी काढलेलं असणार, त्यात भारताने मागितलेली वाक्यं असण्याचं कारणच नाही. असा माल स्वस्त का मिळतो हे यातून कळावं.

परिशिष्टात जोडी सापडली की आयात परवाना. सहाव्या परिशिष्टातल्या मालाला तो लागतो, अर्ज ऑनलाइन होतो, आणि खाण्यासाठीचा माल व पेरणी-लागवडीसाठीचा माल यांचे अर्ज वेगळे आहेत. एक चूक सारखी होते: परवाना माल निघाल्यावर काढायचा. परवाना जहाजात माल चढण्याच्या आधीच्या तारखेचा हवा. तो ज्याच्या नावावर आहे त्यालाच चालतो. मित्राच्या परवान्यावर आपला कंटेनर सोडवता येत नाही. त्यावर देश, निर्यातदार, प्रवेशाचं बंदर आणि मुदत छापलेली असते. माल अधिसूचित बंदरातूनच यावा लागतो, तेव्हा मालवाहू कंपनी ‘मुंद्र्याला उतरवू का’ असं विचारेल तर हो म्हणण्याआधी परवाना बघा.

आणि आता फायटो. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र असं त्याचं पूर्ण नाव. पण बाजारात, बंदरात, कस्टममध्ये सगळीकडे फायटोच म्हणतात. हे फक्त निर्यातदार देशाच्या सरकारी वनस्पती संरक्षण यंत्रणेनेच द्यायचं असतं. खासगी तपासणी कंपनीचं गुळगुळीत कागदावरचं, होलोग्रामचं प्रमाणपत्र दिसायला छान असतं. फायटोच्या जागी त्याला शून्य किंमत. नमुना आंतरराष्ट्रीय करारानुसार ठरलेला आहे, त्यामुळे तुर्कीचं असो की चिलीचं, रकाने तेच.

फायटो हातात आलं की वरून खाली असं वाचावं. निर्यातदाराचं आणि तुमचं नाव-पत्ता परवान्यावर आहे तसंच आहे का. ‘एंटरप्रायझेस’चं ‘एंटरप्राइज’ झालं तरी चौकशी होते. मग पेट्यांची संख्या, आणि ती पॅकिंग लिस्टशी जुळते का. पेट्यांवरच्या खुणा. कंटेनर क्रमांक लिहिला असेल तर एकेक अक्षर पडताळून. मूळ देश. प्रवेशाचं बंदर. मग शास्त्रीय नाव, आणि इथे थांबा. ‘पेअर’ म्हणून येणाऱ्या फळात युरोपी नाशपतीची प्रजाती वेगळी आणि आशियाई नाशपतीची वेगळी. परवाना एकीचा आणि फायटो दुसरीचं, असे प्रकार घडतात. परवान्यावर जे नाव आहे तेच, त्याच स्पेलिंगने, फायटोवर हवं.

त्याखाली जादा घोषणेचा रकाना असतो. सहाव्या परिशिष्टात ज्या किडींची नावं दिली आहेत, त्या सगळ्या, त्याच शब्दांत इथे यायला हव्यात. पाचपैकी चार किडी लिहिल्या आणि पाचवी राहिली तर ते फायटो अपुरं. ‘हा माल भारताच्या नियमांनुसार आहे’ असं मोघम वाक्यही चालत नाही. परदेशातला अधिकारी आपल्या अटी पाठ करून बसलेला नसतो. त्याच्यासमोर जे ठेवाल ते तो लिहितो. म्हणून परिशिष्टातला मजकूर कॉपी करून निर्यातदाराला ईमेलने पाठवा आणि तोच मजकूर त्याने तिथल्या कार्यालयात द्यावा असं सांगा.

सगळ्यात शेवटी प्रक्रियेचा रकाना: तारीख, पद्धत, औषध, मात्रा, वेळ, तापमान. यातला एकही कोरा नको. खाडाखोड केली असेल तर तिच्यावर त्याच कार्यालयाचा शिक्का आणि सही हवी, नाहीतर ते संशयास्पद ठरतं.

हे सगळं मूळ प्रत कुरिअरने आल्यावर करून उपयोग नाही. सौद्यातच एक अट घाला: फायटोचा मसुदा आम्हाला पाठवा, आमचा होकार आल्याशिवाय कंटेनर बंद करायचा नाही. लेटर ऑफ क्रेडिट उघडत असाल तर फायटोवर हवा असलेला मजकूर शब्दशः त्यात टाका. बँक माल बघत नाही, कागद बघते. तो कागद तुमच्या शब्दांत असला पाहिजे. निर्यातदार कुरकुर करेल, ‘वीस वर्षं धंदा करतोय’ म्हणेल. करू द्या. मसुदा दाखवायला तयार नसलेल्या निर्यातदाराकडून माल घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, भाव कितीही गोड असला तरी.

प्रक्रियेबद्दल थोडं. फळमाशी किंवा फळ पोखरणाऱ्या अळ्यांसाठी दोन उपाय प्रामुख्याने मागितले जातात: शीतप्रक्रिया, म्हणजे शून्याच्या आसपासचं ठरलेलं तापमान सलग ठरलेले दिवस राखणं, किंवा मिथाइल ब्रोमाइडची धुरी. काही फळांना दोन्ही. शीतप्रक्रिया जहाजात चालू असतानाच करायची परवानगी असेल तर फळाच्या गरात खुपसलेल्या सेन्सरची नोंद हवी; कंटेनरच्या हवेचं तापमान पुरत नाही. वाटेत कुठल्या बंदरात काही तास वीज गेली आणि पारा वर चढला, तर मोजलेले दिवस वाया. म्हणून ‘रीफर (शीत कंटेनर) चालू होता’ या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, नोंदीची फाइल मागवा.

मिथाइल ब्रोमाइड ओझोनच्या थराला घातक म्हणून माँट्रियल करारानुसार इतर बहुतेक वापरांतून हद्दपार झालं. क्वारंटाइनच्या वापराला मात्र सूट आहे. ते किडीला मारतं आणि फळालाही थोडं म्हातारं करतं. धुरी मूळ देशात, योग्य तापमानाला, थंड करण्याआधी झाली तर फळ ती बऱ्यापैकी सोसतं. तीच न्हावा-शेव्याला, तीन आठवडे शून्य अंशावर राहिलेल्या फळाला ऊब देऊन केली, की साल डागाळते आणि टिकवण घटते. ‘इथे आल्यावर धुरी करून घेऊ’ म्हणणाऱ्यांनी ही किंमत धरावी.

पेटीतल्या फळाशिवाय पेटीही तपासली जाते. लाकडी पॅलेटवर कणसाच्या चिन्हाचा ठसा हवा. लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवला किंवा त्याला धुरी दिली, याची ती खूण. ठसा नसलेलं एक पॅलेट मधे घुसडलेलं असलं तरी अडचण. गवत, पेंढा, काडीकचरा घालून पॅकिंग केलेलं नको. माती तर अजिबात नको: आलं, बटाटा, कांदा, लसूण अशा जमिनीखालच्या मालाला हा नियम जास्त जाचतो, कारण मुळाशी चिकटलेलं चिमूटभर ढेकूळसुद्धा माती म्हणूनच मोजलं जातं. फळाबरोबर पानं आली तर तीही वेगळी जोखीम. देठाला हिरवं पान ठेवलेली संत्री बाजारात देखणी दिसतात. आयातीत ती पानं काढून मागवा.

एकाच कंटेनरमध्ये दोन-तीन प्रकारची फळं भरायचा मोह होतो. प्रत्येक फळाची अट वेगळी, आणि एक अडकलं की सगळा कंटेनर अडकतो. शिवाय सफरचंदाच्या इथिलीनने शेजारची किवी वाटेतच मऊ पडते, तो तोटा वेगळाच.

माल बंदरात लागल्यावर बिल ऑफ एंट्रीबरोबर सिंगल विंडोतून पीक्यूकडे नोंद जाते, शुल्क भरलं जातं आणि तपासणीची वेळ ठरते. तपासणी कशी होते हे एकदा तरी उभं राहून बघावं. अधिकारी दाराजवळच्या पेट्यांवर समाधान मानत नाही. मधल्या, आतल्या पेट्या काढायला लावतो. सफरचंद हातात घेऊन तो लालपणा बघत नाही. देठाची खाच आणि खालचा फुलाचा खळगा बघतो, कारण खवले कीड आणि पिठ्या तिथेच दडतात. किवीच्या लवेत राखाडी ठिपका दिसला तर सुईच्या टोकाने उचकटतो. निघाला आणि खाली पिवळसर जीव दिसला, की तो डाग नव्हता. संत्र्याच्या देठाची चकती उचलून बघतो. पेटी पांढऱ्या कागदावर आपटतो आणि कागदावर काय चालतंय ते भिंगातून पाहतो. छिद्र किंवा मऊ ठिपका असलेलं फळ कापलं जातं. काही सापडलं तर नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तुमचं घड्याळ सुरू होतं: बंदराचं भाडं, रीफरच्या विजेचं भाडं, जहाज कंपनीचं डिटेन्शन.

पुढे तीनच वाटा असतात. माल सुटतो, प्रक्रियेनंतर सुटतो, किंवा परत पाठवायचा नाहीतर नष्ट करायचा, तोही तुमच्या खर्चाने. परवाना किंवा फायटो नसताना आलेल्या मालाला कधी कधी दंडात्मक शुल्क घेऊन सूट मिळते, आणि एकाला मिळाली की बाजारभर बातमी होते. त्या सवलतीवर धंदा उभा करू नका. ती अधिकार म्हणून मागता येत नाही.

कीड सापडल्याची नोंद निर्यातदार देशाला कळवली जाते, आणि वारंवार सापडली तर अख्ख्या देशाचा माल बंद होतो. चीनची सफरचंदं आणि नाशपती २०१७ साली अशीच थांबली. डिसेंबर २०२१ मध्ये इराणची किवी थांबवली गेली, खेपांमागून खेपांत कीड येत राहिली म्हणून. तुमचा स्वतःचा माल स्वच्छ असला तरी अशा वेळी फरक पडत नाही. म्हणून एकाच देशावर पूर्ण हंगाम टाकू नये, आणि सौद्याच्या कागदात ‘आयात निलंबित झाल्यास आगाऊ रक्कम परत’ हे कलम असावं. निम्मे आयातदार ते टाकत नाहीत, मागायला संकोचतात.

नियम कधी सैलही होतात. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये कांद्याचे भाव चढले तेव्हा केंद्राने आयात कांद्यासाठी फायटोवरच्या घोषणेच्या आणि धुरीच्या अटी आधी १५ डिसेंबरपर्यंत आणि नंतर ३१ जानेवारी २०२१ पर्यंत शिथिल केल्या. पण त्यातही आयातदाराकडून लिहून घेतलं होतं की हा कांदा खाण्यासाठीच आहे, लागवडीसाठी नाही. नाशिककरांना याचं कारण समजवावं लागणार नाही: खायला आणलेला कांदा मातीत टाकला की उगवतो, आणि त्याच्यावरचा रोगही. अशा सवलतीवर माल मागवताना शेवटची तारीख जहाज निघण्याला लागू आहे की पोचण्याला, हे अधिसूचनेत वाचून घ्या.

पीक्यूने सोडलं म्हणजे सगळं सुटलं असं नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची वेगळी तपासणी असते, आणि १ मार्च २०२१ पासून २४ पिकांसाठी माल जनुकीय बदल केलेला नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यात सफरचंद आहे. मे २०२३ पासून भूतान वगळता सफरचंदाला किलोमागे ५० रुपयांचा किमान आयातभाव आहे, त्याखालच्या भावाचा माल येऊ शकत नाही. हे या लेखाचे विषय नव्हेत, पण हिशेब मांडताना विसरू नयेत.

धंदा नसलेल्या वाचकांसाठीही थोडं. मुलाकडे जर्मनीला किंवा नेदरलँड्सला जाताना बॅगेत भाजी-फळं नेणारे आई-वडील पुष्कळ. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात प्रवाशाच्या बॅगेतल्या ताज्या फळ-भाजीलाही फायटो लागतं. सूट फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाचांना. म्हणजे घरचा नारळ चालेल, पण परसातली कढीपत्त्याची डहाळी किंवा डझनभर हापूस नाही. अमेरिकेत आपला आंबा २००७ पासून जातो, पण विकिरण केलेला, अधिकृत खेपेतून. प्रवाशाच्या पिशवीतला काढून घेतात. लपवण्यापेक्षा जाहीर करणं स्वस्त पडतं: जाहीर केलेलं फळ जप्त होतं, लपवलेल्यावर दंड होतो. आणि परतताना तिकडचं रोप, कंद, बी, डहाळी कुंडीत लावायला म्हणून आणू नये. लागवडीच्या मालाचे नियम खायच्या फळांपेक्षा बरेच कडक आहेत. आणलंच असेल तर विमानतळावरच्या फॉर्मवर तसं लिहा आणि काउंटरवर ठेवा.